कडूकंदाच्या चार ओळी

मार्गशीर्षाच्या अंकात पान एकवीसवर तुम्हांला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली असेल. ती बऱ्याच जणींच्या अंकात वाकडी लागली होती, दोघीतिघींच्या अंकात तर उलटी. तशी पत्रं आली आहेत आणि तक्रार रास्त आहे. त्या चिठ्ठीवरच्या चार ओळी आणायला मी मुळशीच्या डोंगरात जाऊन आले. तिकडं जायचा योग ज्यांना येणार नाही त्यांना तो मुलूख थोडा दिसावा, आणि माझ्या हातून काय होणार होतं तेही तुम्हांला कळावं, म्हणून हे लिहिते.

माझ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी वडूजकडची. वडील घोंगड्या विणत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं मीच पहिलं माणूस. बी. ए. होऊन पुण्यात नोकरी शोधत हिंडत होते तेव्हा अक्कांनी मला ‘ताटवाटी’त ठेवून घेतलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर अक्कांनी स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत हे मासिक सुरू केलं होतं. दोन वर्षांत त्यांनी संपादनाचं सगळं काम माझ्यावर सोपवलं. पुण्यातल्या नामांकित सुगरणींच्या कृती तपासायच्या कोणी, तर जिच्या घरी गव्हाची पोळी सणालाच होत असे तिनं! या विश्वासाचं मला ओझं वाटतं, आणि तसंच वाटत राहावं असंही वाटतं. अक्कांचा नियम एकच : स्वतः करून, खाऊन बघितल्याशिवाय काही छापायचं नाही.

तो मी एकदाच मोडला.

कार्तिकात एक बाई डोक्यावर हारा घेऊन कचेरीच्या दारात आली. ठकूबाई नाव, मुळशीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. हाऱ्यात आवळे होते. आवळे घेऊन झाल्यावर तिनं आमच्याच ओट्यावर दुपारची भाकरी सोडली. पळसाच्या पानात भाकरीबरोबर पिवळसर काचऱ्या होत्या. मी कसल्या म्हणून विचारलं, तर तिनं मूठभर माझ्यापुढं केल्या. “खा की बाय. कडूकंद हाय.”

बटाट्याहून घट्ट, रताळ्याहून कमी गोड, आणि अगदी शेवटी जिभेवर मेथीसारखी जरा कडसर चव. मला त्या फार आवडल्या. आमचा उपवासाचा विशेषांक जुळत होता आणि त्यात तेच ते साबुदाणा-वरई पडलं होतं. मी वही घेऊन बसले. कसं करता?

“चिरायचं, उकडायचं, मीठमिरची लावून तव्यावर परतायचं. त्यात काय?”

मी ते लिहून घेतलं, शेर-छटाक सोडून अंदाजानं प्रमाण नव्या ग्रॅममध्ये बसवलं, खाली ‘ठकूबाई, मुळशी यांच्याकडून’ असं घातलं, आणि स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडलं : ‘हा कंद मंडईत डोंगरी कंद म्हणून मागावा.’ करून बघायला कंद जवळ नव्हता. पण मी खाल्ला होता ना? म्हणजे पारखून झाला, असं मी धरून चालले.

सोमवार, पुणे

अंक छापून झाला होता. शुक्रवारी टपालात पडायचा होता. छापखान्यात कागदांच्या घड्या घालायचं काम सुरू होतं. आमचा मजकूर जुळवणारे कंपोझिटर बबनराव हात धूत धूत माझ्याजवळ आले.

“बाई, ते एकविसाव्या पानावरचं. कंद तुमी स्वता खाल्लाय?”

“खाल्लाय.”

“मग बरंय,” म्हणाले, पण हलले नाहीत.

“का हो?”

“न्हाई, आमच्या पौड खोऱ्यात म्हणत्यात, कडूकंद तसाच शिजवून खाल्ला की माणूस दोन दिस आडवा. डोंगरावरली लोकं खात्यात. पर आदी त्याला कायतरी करत्यात. काय करत्यात ते म्या बघितलं न्हाई.”

मी एकविसावं पान ओढून घेतलं. “मग छापण्याआधी का नाही सांगितलंत?”

“अवो, मी उलटी अक्षरं एकेक उचलून लावतो. वाचायला मला मिळतं ते छापून झाल्यावर.”

त्यांना काय बोलणार? मी पान घेऊन अक्कांकडं धावले. मला वाटलं होतं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावून कृती दोनदा वाचली आणि विचारलं, “इंदू, तू हे केलं होतंस?”

“नाही, अक्का.”

मी म्हटलं, सगळ्या अंकांत त्या कृतीवर ‘करू नये’ अशी चिठ्ठी लावू या.

“नुसतं ‘करू नये’ छापलंस तर निम्म्या बायका काय होतंय बघू म्हणून करतील. आणि उरलेल्या आपल्या बाकीच्या कृतींवरही विश्वास ठेवणार नाहीत. खरं काय आहे ते विचारून ये. चिठ्ठीवर चार ओळी मावतील. त्या चार ओळी मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत आणून दे.”

“आणि ठकूबाई सापडली नाही तर?”

“तर शुक्रवारी अंक जाणार नाही,” अक्का म्हणाल्या. टपालाची ठरलेली तारीख चुकली की सवलतीचा दर जातो आणि पूर्ण तिकिटं लावणं मासिकाला परवडणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

मंगळवार, धरणाच्या काठी

पौडच्या एस. टी.त बसले तेव्हा जवळ दोन गोष्टी होत्या : एक वही, आणि बबनरावांनी बहिणीच्या नावे दिलेली चिठ्ठी. त्यांची बहीण शांताबाई धरणाच्या काठच्या एका गावात दिलेली होती. पिरंगुटचा घाट चढताना शेजारची बाई मला खिडकीतून खाचरं दाखवत होती, कापणी झालेली, पेंढ्यांचे भारे रचून ठेवलेले. मी हो हो म्हणत होते आणि मनात वर्गणीदारांची यादी वाचत होते. सातारा, सांगली, नाशिक, ठाणे. कोणाच्या घरी म्हातारे सासरे असतील, कोणाच्या घरी लहान पोरं.

पौडला गाडी बदलली. दुसरी गाडी दुपारी निघाली, आणि शांताबाईंच्या गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. बायका पेंढी डोक्यावरून उचलून लाकडी बाकावर आपटत होत्या. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी आणि हातात वही अशी मला बघितल्यावर आपटणं थांबलं. दोन बायका सरळ पेंढ्यांमागं गेल्या.

“देवी टोचायला आलात व्हय?” एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवू लागला. “माझ्या झाल्यात बगा. दोनदा झाल्यात. त्या दोघींच्या करा, त्या तितं लपल्यात.”

“आजोबा, मी टोचायला आले नाही. मी मासिकवाली आहे. स्वयंपाकाचं मासिक.”

“सैपाकाचं?” त्यानं वळून सगळ्यांना सांगितलं, “आरं, सैपाक शिकवाया आल्यात!” आणि लपलेल्या दोघी हसत बाहेर आल्या.

बबनरावांची चिठ्ठी शांताबाईंनी पुतण्याकडून वाचून घेतली. उंच, ठसठशीत बाई. त्यांच्या घरची चाळीस-पन्नास खाचरं, माणसं हाताखाली. मला ओसरीवर बसवून त्यांनी आधी पाणी दिलं, मग गूळ, मग सरळ जेवायलाच वाढलं. आंबेमोहोर मी पुण्यात खाल्ला आहे, पण नव्या भाताचा तो वास वेगळाच. चुलीवरून उतरवल्याबरोबर सगळं घर घमघमतं. त्यावर कुळथाचं पिठलं आणि तळलेली धरणातली मासळी. आमच्या वडूजकडं भात म्हणजे पाहुणा आल्यावरचं अन्न. इथं भाकरीसुद्धा तांदळाची, पांढरी आणि मऊ, आणि पाहुणा आला की बाजरी शोधतात! मी तसं बोलून दाखवलं तर शांताबाई खूश झाल्या.

“भात हाय म्हनून हाय आमी. न्हाईतर आमचं जुनं घर त्या पान्याखाली हाय.” त्यांनी हातानंच धरण दाखवलं. “सासऱ्यांनी वरतीकडं येऊन पुन्ना खाचरं पाडली. खावा, लाजू नका. आन काम काय काढलंत?”

मी कडूकंदाचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

“कडूकंद? त्ये वाडीवाल्यांचं खानं. आमी शिवत न्हाई. पुन्याच्या बायकांची गव्हाची पोळी संपली का काय?”

मी वरमले. मग त्यांनीच सांगितलं, “आमच्या दिरानं एकदा पैज मारून खाल्ला. उकडलेलाच व्हता बरं का. जीभ ही अशी सुजली. वकून वकून बेजार, डोळं फिरवलं, दोन दिस आंथरूण धरलं. तवापासनं आमच्यात त्याचं नाव बी काढत न्हाईत.”

“उकडलेला असूनही?”

“म्हनलं न्हवं, उकडलेलाच.”

म्हणजे बबनराव बरोबर होते. आता शंकाच उरली नाही. मी हातातला घास परत ताटात ठेवला. शांताबाईंना वाटलं, मासळीत काटा आला.

बुधवार, वाडीवर

देवीचा व्रण दाखवणारा म्हातारा, धाकूबाबा, ठकूबाईच्याच वाडीवरचा निघाला. झोडणीपुरता तो खाली मजुरीला येई. सकाळी तो मला घेऊन वर निघाला. त्याच्या हातात काठी नव्हती, माझ्या हातात शांताबाईंनी दिलेली होती, आणि तरी पहिल्या अर्ध्या तासातच भाताच्या कापलेल्या बुडख्यांत पाय अडकून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. धाकूबाबानं कसल्याशा वेलाची साल काढून ती बांधून दिली. तीच चप्पल मी पुण्यापर्यंत तशीच घालून आले.

खाली धरणाचं पाणी पसरलेलं, निळं आणि एकदम गप्प. वर कारवीचं रान. वाटेत जागोजाग बारीक ओढे लागत होते. मार्गशीर्षातही ते वाहत होते याचं मला नवल वाटत होतं. आमच्याकडचा ओढा म्हणजे वर्षातले दहा महिने बैलगाडीची वाट. मी ओंजळभर पाणी प्यायले. दुसरा कुठला दिवस असता तर तिथं तासभर बसले असते.

“ठकूबाई घरी असेल ना, बाबा?”

“आसंल की.” मग दहा पावलांनी, “न्हाईतर बाजाराला गेली आसंल.”

“कुठल्या बाजाराला?”

“पुन्याला. परवा म्हनत हुती, आवळं झाल्यात, जाऊन येती.”

मी वाटेतच थांबले. मी इथं डोंगरात आणि ती तिथं आमच्या ओट्यावर! धाकूबाबा शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “गेली आसंल तर उद्या येईल. त्यात रडन्यासारकं काय?” मी रडत नव्हते. पण फार दूरही नव्हते.

वाडी म्हणजे दहाबारा घरं, कारवीच्या कुडांची, शेणानं स्वच्छ सारवलेली. पहिल्याच घरातल्या बाईला धाकूबाबानं त्यांच्या बोलीत काही विचारलं, ती मला कळली नाही. बाईनं वर बोट दाखवलं. “वढ्यावर हाय,” धाकूबाबा म्हणाला.

ठकूबाई ओढ्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून टोपलीवरचा दगड सारखा करत होती. मला बघून तिला आनंदच झाला. “आगं बाय! तू कशी आलीस? आवळं संपलं?”

मी काठावर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. कृती कागदात छापली. ती गावोगाव जाणार. लोक सांगतात, कंद तसाच केला तर माणूस आजारी पडतो. ठकूबाई पाण्यातून बाहेर आली. तिचं हसू गेलं होतं.

“कागदात माझं नाव हाय?”

“आहे.”

“आन कुनाला काय झालं मंजी? ठकीनं इख घातलं म्हनतील. पोलीस हितं येतील. मी उद्या कुनाच्या दारात आवळं घिऊन जाऊ?”

तोपर्यंत या गोष्टीत फक्त मी, अक्का आणि आमचे वाचक होते. तिचंही काही पणाला लागलं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, “चूक माझी आहे. पण ठकूबाई, तुम्ही मला इतकंच सांगितलं होतं. चिरायचं, उकडायचं, परतायचं.”

“मंग खरंच सांगितलं! ते घरात आनल्यावरचं. घरात आनायच्या आदुगरचं तू इचारलंस का?”

“तुम्ही होऊन सांगायचं ना!”

“तुला कुनी इचारलं, बाय, भात कसा केलास, तर तू नांगरटीपासनं सांगतीस का?”

धाकूबाबा मागं बसून खदाखदा हसला.

मग हळूहळू उलगडलं ते असं. या वाडीत कच्चा कडूकंद उंबऱ्याच्या आत कधीच येत नाही. पोरानं उचलून तोंडात घातला, शेळीनं चावला तर घात होईल, म्हणून खणून आणलेला कंद थेट ओढ्यावर जातो. तिथं एक काळं मडकं कायमचं ठेवलेलं असतं, तेही घरात न्यायचं नाही. ओढ्याकाठीच कंद सोलायचा, पातळ चिरायचा, चुलीतली राख घालून त्या मडक्यात उकडायचा, ते पाणी टाकायचं आणि चकत्या टोपलीत घालून रात्रभर धारेत दाबून ठेवायच्या. सकाळी चाखून बघायचं. निवला, म्हणजे त्याचं विष उतरलं, असेल तरच तो घरात येतो. म्हणून ‘घरात आणलेला कंद’ म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा शिजून, निर्धास्त झालेला कंद. आणि मी, स्वयंपाक चुलीपाशी सुरू होतो असं समजणारी, चुलीपासूनच विचारायला सुरुवात केली होती.

“नुसतं ऐकून परत चुकशील,” ठकूबाई म्हणाली. “बस हितं.”

तिनं माझ्यापुढं कंद टाकले, बाहेरून मातकट, मुळ्यांच्या केसांचे. सोलताना हाताला जी खाज सुटली ती कोपरापर्यंत गेली. ती माझ्या चकत्या उचलून बघे आणि परत टाके. “ह्ये काय, भजी करायची हायेत व्हय? पातळ. आजून पातळ.” दुपारभर मी चिरत होते. राख टाकली, उकडले, पिवळंजर्द पाणी बांधावर ओतलं. मग टोपली धारेत लावली आणि वर दगड ठेवला.

“धरणात ठेवली तर चालेल?” मी सहज विचारलं. खाली केवढं तरी पाणी होतं.

“ते हुबं पानी. ते कडू घिऊन जात न्हाई. चालतं पानी पायजे.”

त्या रात्री तिच्या घरी नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण खाल्लं. ठकूबाईनं मला घरातली एकुलती वाकळ दिली. तरी झोप आली नाही, एवढंच सांगते.

गुरुवार, परत

सकाळी टोपली काढली. ठकूबाईनं माझ्या टोपलीतली एक चकती मोडून माझ्या हातावर ठेवली. “गिळू नगं. जिबंच्या शेंड्याला लाव.”

लावली. क्षणभर काही नाही. मग जिभेला कोणीतरी चिमट्यात पकडल्यासारखं झालं आणि ते सोडेना. मी थुंकत राहिले. ठकूबाईनं मनसोक्त हसून घेतलं.

“धरतंय न्हवं? मंग आजून ठेवायचं.” तिच्या स्वतःच्या टोपलीतली, माझ्या आधी एक दिवस लावलेली चकती तिनं दिली. ती निवलेली होती. तीच ती मेथीसारखी चव, ओट्यावरची.

“पण तुमच्या टोपलीला किती वेळ लागला?”

“धरायचं थांबंस्तवर.”

“तसं नाही. किती तास? लिहायला काहीतरी हवं ना.”

“माज्याकडं घड्याळ कुटं हाय? कंद जून असला तर दोन राती. कवळा आसंल तर एक. वढा बारीक झाला तर तीन बी लागत्यात.” मग तिनं वहीकडं बघितलं. “तुमच्या पुन्यात वढा हाय का दारात?”

“नळ आहे. सकाळी दोन तास येतो.”

“आन मंग?”

“मग हंड्यात भरून ठेवतो.”

“हुबं पानी,” ती म्हणाली. “मंग तुमी खाऊ नगा.”

“एवढंच लिहू?”

“मंग काय वढा पुन्याला नेनार हायेस?”

मी वही मिटली. तीन दिवस ज्या चार ओळींसाठी धडपडले त्या अशा निघाल्या. जाता जाता मी तिला म्हटलं, तुमचं नाव काढून टाकते, चिठ्ठी त्याच्यावरच चिकटवते. म्हणजे तुम्हांला घोर नको.

“नाव कशाला काढतीस? कंद माजाच हाय, चोरीचा न्हाई. वर लिव, ठकू सांगतीया, वढा नसंल तर हात लावू नगा. आन त्ये मंडईत मागा म्हनून कुनी लिवलं?”

“मी.”

“त्ये पुस. मंडईत कुनीबी कायबी देईल. मी कडूकंद कवा इकला न्हाई. इकनार बी न्हाई.”

सगळ्या कृतीत सर्वांत घातक ओळ कुठली, तर मी माझ्या शहाणपणानं जोडलेली ती. वाट उतरताना तीच मनात घोळत होती.

एस. टी. वेळेवर मिळाली, पण पिरंगुटच्या घाटात बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडून बसला. लोक शेंगा खात गप्पा मारत होते. एकानं मला विचारलं, “बाई, तब्येत बरी न्हाई का?” माझी जीभ अजून जड होती, नीट बोलता येईना. मी मान हलवली आणि गुडघ्यावर वही ठेवून ओळी लिहू लागले. ‘काळजी घ्यावी’ लिहिलं, खोडलं. ‘अनवधानाने’ लिहिलं, तेही खोडलं. गाडी सुरू झाली तेव्हा डोंगराआड सूर्य गेला होता.

छापखान्याला कुलूप लागलं असणार याची मला खात्री होती. पण बबनराव पायरीवर बसून होते. मालकांकडून किल्ली मागून घेतली होती. छापखान्यात एका लग्नपत्रिकेतून उरलेला पिवळा कागद तेवढा होता. बबनराव अक्षरांचे खिळे लावत असतानाच मी अक्कांना बोलावून आणलं. अक्कांनी ओला नमुना दिव्याखाली धरला.

‘या पानावरील कडूकंदाची कृती अर्धीच आहे. उरलेली अर्धी वाहत्या ओढ्यात होते, आणि ती झाल्याशिवाय हा कंद विषारी असतो. दारात वाहते पाणी नसेल तर याला हात लावू नका, मंडईत मागू नका, असे ठकूबाई सांगतात. चूक त्यांची नाही, संपादिकेची आहे.’

“इतक्या वर्षांत पहिलीच कृती, जी करू नका म्हणून आपण छापतोय,” अक्का म्हणाल्या.

“तुम्ही म्हणाला होतात, असं छापलं तर बायका मुद्दाम करतील.”

“कारण दिलंस की बाई ऐकते.” त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, ते काढायला सांगणार. “इथं टिंब नीट उठलेलं नाही,” त्या बबनरावांना म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळपासून आम्ही तिघं आणि घड्या घालणाऱ्या दोघी बायका खळ लावून चिठ्ठ्या चिकटवत होतो. माझे हात अजून खाजत होते. वाकड्या चिठ्ठ्या बहुतेक माझ्याच.

त्यानंतर

मार्गशीर्षातल्या उपवासाच्या गुरुवारांनंतर मी टपाल फोडायला घाबरत असे. एक कार्ड आलं, ‘तुमच्या अंकातील पदार्थ केला आणि घरात सर्वांची पोटे बिघडली.’ मी ते अक्कांपुढं सरकवलं. अक्कांनी उचलून पुढचं वाचलं : शेंगदाण्याची आमटी, आणि बाईंनी तिखट दुप्पट घातलं होतं. कंदाबद्दल एकही तक्रार आली नाही. महिना गेला तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

आणि मग कोयनेकाठच्या एका गावाहून पत्र आलं. वळणदार अक्षर, शिकलेल्या बाईचं. ‘आमच्या परसातून ओढा बारमाही वाहतो. कंद आमच्या डोंगरात पुष्कळ आहे. तरी राख किती ग्रॅम आणि पाण्यात किती तास, ते कृपया उलट टपाली कळवावे.’

मी ओढ्याकाठी विचारलं होतं तेच! मी उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. एक रात्र लिहू का दोन? तिच्या ओढ्याची धार मला काय माहीत? शेवटी लिहिलं : ‘तास मला सांगता येणार नाहीत. तुमच्या भागात हा कंद खाणारी कोणी बाई असेलच. तिला गाठा. ती खणायला निघेल तेव्हापासून तिच्याबरोबर राहा आणि ती घरात नेईल तेव्हाच तुम्ही घरात न्या. तोवर खाऊ नका.’

पंधरा दिवस उत्तर नव्हतं. अक्का म्हणाल्या, रागावली असेल. मला भलतीच शंका येत होती.

परवा उत्तर आलं. ‘चौकशी केली. आमच्याच शेतावर खुरपायला येणारी बाई हा कंद करते. ती गेली बारा वर्षे आमच्याकडे येते. तिच्या घरी मी परवा पहिल्यांदा गेले. तिने मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, उद्या पहाटे या, खणायला जाऊ.’

पत्र तिथंच संपतं. कंद निवला की नाही, ते बाईंनी लिहिलेलं नाही. ते विचारायला मी आज सकाळीच कार्ड टाकलं आहे.